स्कोपवर ॲस्टेरॉइड्स दिसतो, पण मधल्या रेघा जात नाहीत: मेगाहर्ट्झ सोडा, मागचं पॅनल बघा

तक्रार साधारण अशी असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना ॲनालॉग स्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, आणला आणि एक्स-वाय मोडवर टाकला, म्हणजे एक सिग्नल ठिपका आडवा हलवतो आणि दुसरा उभा. मेममधून (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममधून) व्हेक्टर, म्हणजे खेळाच्या रेघा, बाहेर काढणारा छोटा बोर्ड जोडला आणि ॲस्टेरॉइड्स या जुन्या व्हिडिओ गेममधले दगड पडद्यावर आले. पण सगळे दगड एकमेकांना तारेने बांधल्यासारखे दिसतात. स्कोअरच्या आकड्यांमधून तिरक्या रेघा जातात, प्रत्येक रेघेच्या टोकाला टपोरा ठिपका असतो, आणि वर चित्र हलतंही. मग शेवटी ठरलेला प्रश्न येतो: "स्कोप २० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणून असं होतंय ना? १०० चा घेऊ का?"

बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. १०० चा आणलात तरी त्याच रेघा जास्त ठळक दिसण्याचीच शक्यता अधिक. दुकानदार पुढच्या पॅनलवरच्या मेगाहर्ट्झवर भाव सांगतो आणि आपणही तोच आकडा बघून खिशात हात घालतो. या कामात मात्र त्या आकड्याला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती मागच्या बाजूच्या एका बीएनसी (केबल फिरवून अडकवायच्या गोल) सॉकेटला, ज्यावर 'झेड ॲक्सिस' किंवा 'झेड मॉड' असं काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते आहे का, आणि असलं तर आत कसं जोडलेलं आहे, यावर तुमचं चित्र ठरतं.

खेळाला नक्की काय लागतं

अटारीचा ॲस्टेरॉइड्स १९७९ चा. त्याच वर्षीचा लुनार लँडर आणि १९८० चा बॅटलझोन हेही त्याच जातीचे. यांत टीव्हीसारखं ओळीओळीने चित्र भरलं जात नाही. बोर्डावरचा व्हेक्टर जनरेटर ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनच्या बीमला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो, आणि बीम जिथून गेला तिथे रेघ उमटते. ॲस्टेरॉइड्सच्या बोर्डावर आडव्यासाठी दहा बिट, उभ्यासाठी दहा बिट आणि उजेडासाठी चार बिट असे तीन सिग्नल निघतात. चार बिट म्हणजे सोळा पायऱ्या, त्यातली शून्याची पायरी म्हणजे पूर्ण अंधार.

नेमका हा तिसरा सिग्नलच, म्हणजे झेड, लोक जोडायला विसरतात, किंवा जोडायला जागा नसलेला स्कोप घेऊन येतात. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जाताना बीम विझलेला असायला हवा. तो विझवणारं कुणी नसेल तर बीम उजेड घेऊनच उडी मारणार आणि ती उडी तुम्हाला दिसणार. यात स्कोपची चूक काही नाही, त्याला जे सांगितलंय ते तो इमानेइतबारे करतोय.

आता मेगाहर्ट्झचं. पुढच्या पॅनलवरचा आकडा हा वाय, म्हणजे उभ्या ॲम्प्लिफायरच्या बँडविड्थचा (किती वेगाचा सिग्नल तो नीट हाताळतो त्याचा) असतो. एक्स-वाय मोडमध्ये टाइमबेस (ठिपक्याला डावीकडून उजवीकडे नेणारं सर्किट) बाजूला पडतो आणि एक चॅनल आडव्या ॲम्प्लिफायरमधून जायला लागतो. तो आडवा ॲम्प्लिफायर कितीतरी हळू असतो. साध्या २० मेगाहर्ट्झच्या स्कोपच्या मॅन्युअलमध्ये एक्सची बँडविड्थ ५०० किलोहर्ट्झ ते १–२ मेगाहर्ट्झ अशी सापडते. टेकट्रॉनिक्स ४६५ सारख्या १०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातही ती ४ मेगाहर्ट्झच आहे. म्हणजे पुढे १०० छापलेलं असलं तरी आडवी बाजू त्याच्या पंचविसाव्या भागावरच असते.

आणि ५०० किलोहर्ट्झ तरी कमी आहेत का? हिशोब मांडू. या बँडविड्थचा टाइम कॉन्स्टंट (सिग्नल किती झटपट नव्या जागी बसतो त्याचं माप) ०.३२ मायक्रोसेकंद येतो. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची उडी हजारातल्या एका भागाइतकी अचूक बसायला साधारण सात टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सव्वादोन मायक्रोसेकंद लागतात. घरगुती बोर्डांवर सर्रास वापरला जाणारा एमसीपी ४९२२ हा बारा बिटांचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) स्वतःच स्थिरावायला ४.५ मायक्रोसेकंद घेतो. म्हणजे अडतंय ते डॅकपाशी. सगळ्यात स्वस्त स्कोपसुद्धा त्याच्या पुढे आहे.

एक्स आणि वायमधल्या फेजच्या (एक सिग्नल दुसऱ्याच्या किती मागे पडतो त्या) फरकाचीही लोकांना उगाच भीती वाटते. मॅन्युअलमध्ये '५० किलोहर्ट्झला ३ अंश' असं लिहिलेलं असतं. त्याचं वेळेत रूपांतर केलं की सुमारे १६७ नॅनोसेकंद येतात. बीम डॅकच्या वेगाने चालत असताना तेवढ्यात तो जेमतेम हलतो. दोन सिग्नलांनी उमटणाऱ्या लिसाजू आकृत्यांवरून फेज मोजणाऱ्याला हे आकडे महत्त्वाचे, आपल्याला नाहीत.

रेघा कशा दिसतात ते नीट बघा

दोष शोधताना "रेघा येतात" एवढ्याने भागत नाही. रेघा कशा येतात यावरच निदान होतं.

सगळ्यात मजेशीर प्रकार उलट्या चित्राचा. उड्या झळाळतात आणि दगड मात्र मंद किंवा गायब. झेड जोडलेला आहे, चालतोही आहे, फक्त दिशा उलटी आहे. अटारीच्या कृष्णधवल बोर्डांवर झेड जितका पॉझिटिव्ह तितका उजेड जास्त. बऱ्याच स्कोपवर याच्या नेमकं उलट असतं: झेडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज दिलं की ट्रेस (पडद्यावरची रेघ) मंद होतो आणि पाच व्होल्टला दिसेनासा होतो. मूळ बोर्डासाठी बनवलेलं सर्किट किंवा प्रोग्राम जसाच्या तसा स्कोपला लावला की हे होणारच. नुसतं चालू-बंद पुरत असेल तर सिग्नल उलटवणाऱ्या ७४एचसी०४ चिपचं एक गेट मध्ये टाका, काम झालं. सोळा पायऱ्या हव्या असतील तर ऑप-ॲम्पने (ॲम्प्लिफायरच्या चिपने) उलटवा. टीएल०७२ पुरतो.

पण इथे एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण यात पिक्चर ट्यूब जाते. '० व्होल्ट म्हणजे उजेड, ५ व्होल्ट म्हणजे अंधार' अशी रचना ठेवलीत आणि खेळता खेळता केबल निघाली, लॅपटॉप झोपला किंवा प्रोग्राम अडकला, तर झेड शून्यावर येतो. म्हणजे पूर्ण उजेड. बीम एका जागी थांबलेला आणि पूर्ण उजेड, अशाने फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) जळतो आणि तो डाग कायमचा राहतो. म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. झेडला काहीच न जोडता इंटेन्सिटीचा नॉब मागे घेत न्यायचा आणि ठिपका जेमतेम विझला की तिथेच थांबायचं. मग रेघ काढताना झेडवर निगेटिव्ह व्होल्टेज द्यायचं. ज्या स्कोपवर पॉझिटिव्हने मंद होतं त्यांपैकी बहुतेकांवर निगेटिव्हने उजळतं. मग केबल निघाली की अंधार. ऑप-ॲम्पला दुहेरी सप्लाय द्यावा लागतो एवढाच खटाटोप.

दुसरा प्रकार: चित्र सुरू झालं तेव्हा उड्या नीट विझलेल्या असतात, पण पडद्यावर दगड वाढले किंवा कमी झाले की उजेड बदलतो आणि उड्या पुन्हा डोकावायला लागतात. हा एसी कपलिंगचा, म्हणजे सिग्नलमधला फक्त बदल पुढे जाऊ देणाऱ्या जोडणीचा दोष. आत झेडच्या वाटेत कपॅसिटर असतो, आणि तो उगाच नसतो. ट्यूबचा कॅथोड आणि ग्रिड (बीम सोडणारा आणि त्याला आवरणारा भाग) उणे दीड-दोन हजार व्होल्टच्या आसपास तरंगत असतात. तुमचा पाच व्होल्टचा सिग्नल तिथवर पोचवायचा तर मध्ये हाय व्होल्टेज कपॅसिटर टाकणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. महागड्या स्कोपमध्ये त्यासोबत डीसी (स्थिर) पातळी परत जोडणारं सर्किट असतं, स्वस्तात ते गाळलेलं असतं.

असा स्कोप गळ्यात पडलाच तर टाकून देऊ नका. कपॅसिटरला सरासरी कळते, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाची सरासरी सारखी ठेवा. फ्रेममधला उरलेला वेळ बीम पडद्याच्या दिसणाऱ्या भागाबाहेर नेऊन तिथे झेड 'चालू' ठेवायचा, दगड कमी असतील तर जास्त वेळ आणि जास्त असतील तर कमी. यासाठी गेन थोडा वाढवून डॅकच्या रेंजची कड पडद्याबाहेर जाईल असं करावं लागतं. थोडं रिझोल्यूशन वाया जातं. जाऊ दे, बारा बिटांपैकी दहा उरले तरी मूळ खेळाइतकं झालं.

तिसरा प्रकार, टोकांवरच्या ठिपक्यांचा. रेघा बरोबर, उड्याही विझलेल्या, पण प्रत्येक कोपऱ्यात टाचणीचं डोकं. हा वेळेचा घोळ आहे. बीम उडी मारून पोचायच्या आत, किंवा पोचून थांबलेला असताना उजेड चालू होतोय. क्रम असा हवा: झेड बंद, उडी, डॅक स्थिरावेपर्यंत थांबणं, झेड चालू, लगेच चाल सुरू, रेघ संपली की त्याच क्षणी झेड बंद. प्रोग्राममध्ये 'चालू' आणि 'चाल' यांच्यामध्ये एखादा आळशी लूप असला की तेवढ्यात ठिपका उमटतो. थांबण्याची वेळ आधी मुद्दाम जास्त ठेवा, रेघेच्या सुरुवातीला उडीची शेपटी दिसायला लागेपर्यंत कमी करत या आणि मग जराशी वाढवा. आकडा प्रत्येक जोडीला वेगळा येतो. ॲस्टेरॉइड्समधल्या गोळ्या मात्र मुळातच ठळक ठिपके असतात, त्या घालवायच्या मागे लागू नका.

झेड इनपुट नाहीच, तर? तरीही थोडंफार जमतं. रेघेचा उजेड बीम तिथे किती वेळ होता यावर ठरतो. उड्या डॅकच्या पूर्ण वेगाने आणि रेघा सावकाश काढल्या तर उड्या मंद होतात. शिवाय रेघांचा क्रम असा लावायचा की जवळचं जवळ येईल, म्हणजे उड्या लांबीनेच कमी होतात. मग इंटेन्सिटी खाली आणली की उड्या जवळपास दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत हे चित्र चालून जातं, उजेडात नाही. ट्यूबच्या ग्रिडला स्वतः वायर जोडून झेड काढण्याचे प्रकार लोक करतात. दोन हजार व्होल्टशी खेळायची सवय नसेल तर तिथे हात घालू नका, एवढंच सांगतो.

कोपऱ्यांवर गळासारखे आकडे येतात तेव्हा

रेघ वळते तिथे ती आधी पुढे जाऊन परत येते आणि कोपऱ्यावर माशाच्या गळासारखा आकडा उमटतो. इथे दोषी स्कोप की बोर्ड, हे एका मिनिटात कळतं. एक्स आणि वायच्या केबलींची अदलाबदल करा. चित्र आडवं होईल. आकडे आधी आडव्या दिशेत होते आणि आता उभ्यात गेले, म्हणजे ते चित्रासोबत फिरले, दोष बोर्डाकडून येतोय. आकडे अजून आडव्याच दिशेत असतील तर तो स्कोपचा आडवा ॲम्प्लिफायर.

बोर्डाकडे बघण्याआधी केबली तपासा. लोक मोजणीचा प्रोब लावून बसतात. दहापट प्रोबचा ट्रिमर जुळलेला नसला की कोपरे गोल होतात किंवा फुगतात. साधी बीएनसी केबल सरळ लावा. एक्सचं दहापट मॅग्निफिकेशनचं बटण दाबलेलं राहिलं असेल तर ते सोडा. बऱ्याच स्कोपवर ते एक्स-वायमध्येही लागू होतं आणि मग सगळंच विचित्र दिसतं.

चित्र आरशातल्यासारखं उलटं आलं, तर आधी कोणता चॅनल एक्स आहे ते बघा. टेकट्रॉनिक्समध्ये बहुधा पहिला एक्स आणि दुसरा वाय असतो, पण सगळ्या कंपन्या असं मानत नाहीत. इन्व्हर्टचं बटण सहसा दुसऱ्या चॅनललाच असतं. दुसरा वाय असेल तर त्याने फक्त वरचं खाली होतं. डावं-उजवं उलटायचं तर ते बोर्डात किंवा प्रोग्रामातच करावं लागतं. चित्र जरासं तिरकं असेल तर पुढे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं ट्रेस रोटेशन असतं. स्कोप टेबलावर दुसऱ्या दिशेला वळवला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुन्हा थोडं सरकतं, ते नेहमीचंच.

साउंड कार्डने चित्र काढणाऱ्यांसाठी एकच परिच्छेद. साउंड कार्डच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, म्हणून स्थिर जागा टिकत नाही. एका कोपऱ्यातला स्कोअर हळूहळू मध्याकडे ओढला जातो आणि अख्खं चित्र दगड फिरतील तसं सरकत राहतं. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे फ्रेममागे ८०० बिंदू, १९२ किलोहर्ट्झला ३,२००. एखादी आकृती फिरवायला ठीक, ॲस्टेरॉइड्सला अपुरं. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपमधले दोन डॅक डीसी देतात, पण आठच बिटांचे. दहा सेंटिमीटरच्या पडद्यावर २५६ पायऱ्या म्हणजे पायरीमागे ०.४ मिलिमीटर, तिरक्या रेघांना जिना दिसतो. एमसीपी ४९२२ वर बांधलेला व्ही.एसटीसारखा बोर्ड सुरुवातीला सगळ्यात सरळ पडतो. त्याच्या डॅकला वीस मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर (डॅकला आकडे पाठवण्याच्या जोडणीवर) दोन्ही अक्षांचा एक बिंदू द्यायला कमीतकमी १.६ मायक्रोसेकंद जातात, म्हणजे फ्रेमच्या १६.७ मिलिसेकंदांत सगळी थांबाथांब धरूनही चार-पाच हजार बिंदू बसतात. बॅटलझोनचे डोंगर आणि रणगाडे एकदम आले की मग चित्र लुकलुकायला लागतं, तिथे स्कोप काही करू शकत नाही.

चित्र थरथरतं, आणि तेही आपल्याकडेच जास्त

परदेशातल्या फोटो-व्हिडिओंत चित्र दगडासारखं स्थिर आणि आपल्याकडे मात्र कापतंय, असं का, हे विचारणारे खूप. कारण लाइटमध्ये आहे. खेळ सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र काढतो. अमेरिकेत लाइट ६० हर्ट्झची, म्हणजे तिथे विजेचा गुणगुणाट चित्रात शिरला तरी त्याचा आणि फ्रेमचा फरक शून्याजवळ असतो. चित्र थोडं वाकतं आणि सावकाश डोलतं, डोळ्याला खटकत नाही. आपली लाइट ५० हर्ट्झची. ६० वजा ५० म्हणजे सेकंदाला दहा वेळा थरथर, आणि दहाची थरथर डोळ्याला सगळ्यात वाईट दिसते. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतील तर १०० हर्ट्झची रिपल (सप्लायमधली लहर) शिरते, आणि तिची ६० च्या फ्रेमशी थरथर सेकंदाला वीसची होते.

यावरून तपासणी सोपी होते. प्रोग्रामने एक साधा चौकोन सेकंदाला ५० वेळा काढायला लावा. थरथर थांबून चौकोन फक्त जरा वाकडा दिसायला लागला आणि तो वाकडेपणा हळूहळू सरकतोय असं दिसलं, की खात्रीने विजेचंच. तसंच थरथरत राहिलं तर प्रोग्रामचा वेळ डळमळतोय.

विजेचं असेल तर शिरतंय कुठून, ते शोधा. इंटेन्सिटी एकदम कमी करा, दोन्ही चॅनल ग्राउंडवर टाका. ठिपका ठिपकाच राहिला तर स्कोप निर्दोष, घोळ केबलींच्या ग्राउंडमध्ये आहे. ठिपक्याची बारीक रेघ झाली तर स्कोप उचलून जागा बदलून बघा. रेघेची लांबी किंवा दिशा बदलली तर जवळपासचं चुंबकीय क्षेत्र कारणीभूत आहे. आपल्या घरांत यातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टेबलाखाली किंवा भिंतीवर ठेवलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर, नंतर स्पीकर. जागा बदलूनही रेघ तशीच राहिली तर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायची वेळ झाली.

केबलींच्या ग्राउंडमध्ये घोळ असेल तर लॅपटॉपचा दोन पिनांचा ॲडॉप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुधा तिथेच थरथर जाते. त्या ॲडॉप्टरमधून थोडं गळतं करंट लॅपटॉपच्या ग्राउंडवर येतं आणि तुमच्या सिग्नलच्या केबलीतून स्कोपच्या अर्थिंगला जाऊन मिळतं. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत अर्थिंगची पिन नावालाच असते, तिथे स्कोपच्या बीएनसीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. गुणगुणाट घालवायला स्कोपच्या प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडून स्कोपही विकत घेऊ नका.

मग घ्यायचा कोणता

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. मटन स्ट्रीटच्या चोर बाजारातही अधूनमधून स्कोप येतात, पण तिथे लावून बघायला देतील याची खात्री नाही, आणि लावून न बघता घ्यायचा म्हणजे ट्यूबवर जुगार. इथे सापडणारे बहुतेक कॉलेजांच्या लॅबमधून निघालेले असतात: ठाण्याच्या ॲपलॅबचे, इंदूरच्या सायंटिफिकचे जर्मन हॅमेगच्या धर्तीचे एचएम मालिकेतले, आणि मधूनच एखादा हिताची किंवा टेकट्रॉनिक्स. विद्यार्थ्यांनी नॉब पिळून पिळून स्विच खरखरीत केलेले असतात, पण ते कॉन्टॅक्ट क्लीनरने सुधारतात. ट्यूब सुधारत नाही.

म्हणून सोबत चार पेन्सिल सेलचा होल्डर आणि बीएनसीला लावलेल्या दोन वायरी न्या. आधी टाइमबेसवर साधा ट्रेस आणा, मध्यम उजेडात. मागच्या झेड सॉकेटवर छापलेली कमाल मर्यादा वाचा, सहा व्होल्ट त्यात बसतात ना ते बघा, मग सेल जोडा. ट्रेस मंद झाला आणि जोडलेलं असेपर्यंत मंदच राहिला तर डीसी कपलिंग, ताबडतोब भाव विचारा. क्षणभर मंद होऊन परत आला तर एसी. काहीच झालं नाही तर सेल उलटे लावून बघा. तरीही काही नाही, तर सॉकेट फक्त दिखाऊ आहे किंवा आत काही मेलेलं आहे. पॉवर बँकेने हे करू नका. कमी करंट ओढलं की ती आपोआप बंद होते, मग ट्रेस परत आल्यावर कपलिंगला दोष दिला जातो.

यानंतर एक्स-वाय मोड. फोकस बिघडवून ठिपका मोठा करा आणि पोझिशनच्या नॉबने पडद्यावर सगळीकडे फिरवा. मधोमध काळसर डाग असेल तर पूर्वी कुणीतरी ठिपका तसाच सोडून चहाला गेलेलं आहे. असा स्कोप घेऊ नका, खेळाचं जहाज सुरुवातीला नेमकं तिथेच उभं राहतं.

उजेडाबद्दल मात्र मेगाहर्ट्झ थोडासा अप्रत्यक्ष कामाला येतो. २० मेगाहर्ट्झच्या स्कोपच्या ट्यूबला बहुधा दोन हजार व्होल्टच्या आसपासचं ॲक्सिलरेशन असतं, १०० मेगाहर्ट्झच्या वर्गात ते दहा हजारांच्या वर जातं. चित्र उजळ आणि रेघ बारीक. दिवसा खिडकीजवळ खेळायचं असेल तर तेवढ्यासाठी मोठा घ्या. रात्री खेळायचं असेल तर डीसी झेड असलेला २० चा स्कोप मी झेड नसलेल्या कोणत्याही १०० च्या आधी उचलेन. टेकट्रॉनिक्स ४६५ मध्ये दोन्ही आहे, मागे झेडही आहे, पण त्यातले टँटॅलम कपॅसिटर शॉर्ट होण्यासाठी प्रसिद्ध आहेत. दुरुस्तीची हौस असेल तरच.

स्टोरेज स्कोप (पडद्यावर चित्र धरून ठेवणारा), उदाहरणार्थ टेकट्रॉनिक्स ४६६, टाळा. स्टोरेज ट्यूबच्या आतली जाळी नाजूक असते आणि गोळ्यांचे स्थिर ठिपके तिला मानवत नाहीत. डिजिटल स्कोप तर या कामात नकोच. साध्या डिजिटलचा एक्स-वाय ठिपक्याठिपक्यांनी, थांबत थांबत चित्र दाखवतो आणि झेड बहुतेकांना नसतोच. फॉस्फर नेहमीचा हिरवा पी३१ असेल तर उत्तम. पी७ वाली ट्यूब मिळाली तर निळी चमक आणि मागे पिवळट शेपूट दिसते. लुकलुक कमी होते, पण जहाजामागे सावली फिरते. काहींना ती फार आवडते, मला खेळताना नको वाटते. टेकट्रॉनिक्स ६०४ किंवा ६०८ सारखा नुसता एक्स-वाय डिस्प्ले भंगारात दिसला तर दुकानदाराला 'यात टाइमबेसच नाही' असं म्हणून भाव पाडा आणि गुपचूप घेऊन या. ही यंत्रं याच कामासाठी बनवलेली आहेत.

१९८१ च्या टेम्पेस्टसारखे रंगीत खेळ स्कोपवर एकाच रंगात दिसणार. तीन रंगांचे सिग्नल रेझिस्टरने एकत्र करून झेडला द्या. टेम्पेस्टचा पडदा उभा आहे. आठ बाय दहा घरांच्या ट्यूबवर तो सहा बाय आठमध्ये बसतो, बाजूला रिकामी जागा राहते. स्कोप कुशीवर झोपवून केबली बदलल्या तर मोठा होतो, फक्त हवेची भोकं झाकली जात नाहीत ना ते बघा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर बंद पडून राहिलेल्या स्कोपमध्ये हाय व्होल्टेजच्या भागावर दमट धूळ बसते, गळती होते, ॲक्सिलरेशन घसरतं. ते घसरलं की तेवढ्याच सिग्नलला बीम जास्त वळतो, म्हणून चित्र मंद होता होता मोठंही होतं. अर्धा तास चालू ठेवल्यावर ते पूर्ववत झालं तर दमटपणाच होता. आठवड्यातून एकदा तेवढा वेळ चालू ठेवत जा आणि कव्हरखाली सिलिका जेल ठेवा. अर्ध्या तासानंतरही फुगलेलं राहिलं, किंवा आतून चट-चट आवाज आला, तर बंद करून प्लग काढा आणि ट्यूबचं काम जाणणाऱ्याकडे द्या. प्लग काढल्यावरही ट्यूबच्या ॲनोडवर चार्ज बराच वेळ टिकतो, तेव्हा 'फक्त धूळ पुसतो' म्हणून कव्हर उघडू नका.